तळ्याकाठी, स्वल्पविराम, एक दुपार

जे आपल्याला तोंडपाठ आहे ते प्रत्यक्ष पाहायला माणसाने कधी जाऊ नये, असे माझे आता मत झाले आहे. ठाम मत, असे लिहिणार होतो. पण माझे कुठलेच मत ठाम नसते. समोरच्याने भुवई उंचावली की ते खाली बसते.

मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे एकाने लिहायचे, दुसऱ्याने जुळवायचे, आणि तिसऱ्याला दिसू नयेत म्हणून त्यातल्या चुका मी काढायच्या. या धंद्यात नाव होत नाही. चूक राहिली तरच लोकांना आपली आठवण होते. माझ्या स्वभावाला हे मानवत असे.

आमच्या छापखान्यात एक लहानसे पुस्तक वरचेवर छापायला येई. 'तळ्याकाठचे गाव: एका दुपारची पायी सैर'. दर आवृत्तीला कोणीतरी त्यात दोन वाक्ये घाली, चार काढी, आणि प्रुफे माझ्याकडे येत. प्रुफे तपासायला जोडीला एक वाचणारा लागतो. त्याने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि मी छापलेल्यावर नजर ठेवायची. आमचा वाचणारा नोकरी सोडून गेला तेव्हा मालकांनी दुसरा नेमलाच नाही. मग मी प्रुफे घरी आणू लागलो आणि हिला वाचायला बसवू लागलो. ही भाजी निवडता निवडता वाची: "गावाच्या पश्चिमेस पायऱ्यांचा घाट आहे, पूर्णविराम. मोजक्या पायऱ्या उतरताच पाय पाण्याला लागतात, पूर्णविराम. सूर्य समोरच्या टेकडीआड जात असताना, स्वल्पविराम, तळ्याचे पाणी सोनेरी होते, पूर्णविराम. अहो, पालक जून आहे, उद्यापासून दुसऱ्याकडून आणा." हे शेवटचे वाक्य एकदा प्रुफावर जाता जाता राहिले.

अशा रीतीने ते गाव आम्हा दोघांनाही पाठ झाले. तिथे आम्ही कधी गेलो नव्हतो. बसने दोनेक तासांवर आहे, कधीही जाता येईल, म्हणून राहिले. दूरची गावे माणूस बघून येतो, जवळची राहतात.

मग हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. डॉक्टर म्हणाले, "नंतर बरेच दिवस पायऱ्या विसरा, काकू. आणि पुढचं पुढे बघू." हे 'पुढचं पुढे बघू' हिला फारसे आवडले नाही. घरी आल्यावर चपला काढताना ही म्हणाली, "अहो, त्याआधी मला तो पश्चिमेचा घाट उतरायचाय. ह्याच गुडघ्याने. पाय पाण्यात बुडवायचेत."

हिने माझ्याकडे आजवर फारसे काही मागितलेले नाही. मिळणार नाही हे तिला लवकर कळले असावे. त्यामुळे मी लगेच 'हो' म्हणालो आणि लगेच घाबरलो.

त्या वेळी माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले बंधू, सोफ्यावर बसले होते. ते माझ्या घरातही यजमानासारखे बसतात. ते म्हणाले, "हात्तिच्या! गाडी काढतो ना मी. तासाभरात तळं, मनोरा, पूल, सगळं काचेतून दाखवून परत आणतो."

"नको दादा," ही म्हणाली. "आम्ही पायी बघणार. ह्यांना ते गाव पाठ आहे."

मेहुण्यांनी माझ्याकडे, जुनी गाडी विकत घेताना बघतात तसे, वरपासून खालपर्यंत पाहिले. "भाऊजी? पायी? अगं, भाऊजींना कोपऱ्यावरचा दवाखाना सापडत नाही."

"सापडतो," मी म्हणालो. "म्हणजे, सहसा."

"ते नेतील," ही म्हणाली. विषय संपला. आता प्रश्न तळ्याचा राहिला नव्हता. हिने भावासमोर माझ्यावर पैज लावली होती, आणि मी मनातून मेहुण्यांच्या बाजूने होतो.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या इमारतीत कोणाचे काहीच नीट होत नाही, पण सल्ला प्रत्येकाकडे तयार असतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर येऊन म्हणाले, "चालताना दर वळणावर बसायचं." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "एकदा बसलं की गुडघा आखडतो, अजिबात बसू देऊ नका." दोघांचेही मला पटले. खरा सल्ला दिला तो तळमजल्यावरच्या 'वॉकवाल्यां'नी. हे रोज सकाळी फिरायला जातात आणि उरलेला दिवस त्याबद्दल सांगतात. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहून डोळे मिटले.

"या चपलांत? दगडी रस्त्यावर? काका, घोटा जाईल. थांबा."

ते आत गेले आणि एक खोके घेऊन आले. आत पातळ कागदात गुंडाळलेले, पांढरेशुभ्र बूट होते. "मुलानं पाठवलेत परदेशातून. मी अजून घातले नाहीत. जपून ठेवलेत, कित्येक वर्षं. पण तुम्ही काकूंना घेऊन चाललाय, तेव्हा घ्या. फक्त जपा."

मला नाही म्हणता येत नाही. ही एक गोष्ट मला नीट आली असती तर माझ्या आयुष्यातल्या निम्म्या घटना घडल्याच नसत्या.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही बसमधून उतरलो आणि मी पुस्तक उघडले. पहिलेच वाक्य: 'बसस्थानकातून बाहेर पडताच समोर उत्तर दरवाजा दिसतो.' समोर एक टायरचे दुकान होते. मी वळून पाहिले. मागे दुसरे टायरचे दुकान होते.

चौकशी केल्यावर कळले की बसस्थानक हलवले आहे. आता ते गावाच्या दक्षिण टोकाला होते. म्हणजे पुस्तक जिथे संपत होते, तिथे आम्ही सुरुवातीला उभे होतो.

कोणीही शहाणा माणूस अशा वेळी पुस्तक मिटून रस्ता विचारील. पण मी अनोळखी माणसाला रस्ता विचारायच्या आधी मनात ते वाक्य दोनदा दुरुस्त करतो, आणि तोवर तो माणूस निघून जातो. शिवाय त्या क्षणी मला एक कल्पना सुचली. कल्पना मला क्वचित सुचतात, त्यामुळे त्या वाईट आहेत हे मला ओळखता येत नाही.

"अगं," मी म्हणालो, "आमच्या वेळी शिशाचे टाईप असत. अक्षरं उलटी. मी पानच्या पान उलटं वाचत असे."

"मग?"

"मग गावही उलटं वाचायचं. मागून पुढे. उजवीकडे म्हटलंय तिथे डावीकडे."

हिने माझ्याकडे कौतुकाने पाहिले. त्या नजरेची आठवण झाली की मला अजून शरमल्यासारखे होते.

आम्ही निघालो. गल्ल्या जुन्या होत्या, दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती, वर लाकडी सज्जे, सज्ज्यांवर वाळत घातलेले कपडे. दोन माणसे शेजारी शेजारी चालली की तिसऱ्याला भिंतीला चिकटावे लागे. तळे कुठूनही दिसत नव्हते. हिने माझा दंड धरला होता, आणि वळणावर बसावे की बसू नये याचा निर्णय न झाल्याने मी प्रत्येक वळणावर अर्धवट थांबत होतो. एका वळणावर केशकर्तनालय लागले. दारात न्हावी खुर्ची टाकून पेपर वाचत होता. त्याने मान वर करून आम्हाला पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

बऱ्याच वेळाने पुन्हा केशकर्तनालय लागले. न्हाव्याने पान उलटले.

"अहो, हे मघाशी नव्हतं का?" ही म्हणाली.

"जुन्या गावात अशी दुकानं खूप असतात," मी म्हणालो.

उलटे वाचताना एक गोष्ट सांभाळावी लागते. वळणे उलटायची तर त्यांचा क्रमही उलटायचा. मी वळणे उलटली होती, आणि क्रम सवयीने सुलटाच ठेवला होता. हे लक्षात आले तेव्हा मी दोन्ही उलटले, आणि घाईत वळणे पुन्हा एकदा उलटली, म्हणजे ती सुलट झाली. तिसऱ्यांदा आम्ही त्याच दारापाशी आलो तेव्हा न्हाव्याने पेपरची घडी केली आणि उभा राहून मोठ्या आदराने म्हणाला, "या आजोबा. आता तरी बसा."

आता पुढे काय झाले ते एखाद्या धीट माणसाला समजणार नाही. 'आम्ही वाट चुकलो आहोत' असे म्हणणे मला शक्यच झाले नाही. तीनदा एका दुकानासमोरून जाणाऱ्या माणसाला काहीतरी कारण हवे. माझ्या तोंडून निघाले, "दाढी करायची होती."

मी सकाळीच दाढी करून निघालो होतो. न्हाव्याने माझ्या गालावरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले, आणि साबण लावला. हिला आतल्या बाकावर बसायला मिळाले, एवढेच. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे गुडघा आखडला असता, मॅनेजरांच्या म्हणण्याप्रमाणे सुटला असता. मी फेसाच्या आडून तिकडे बघत राहिलो.

"कुठं निघालात?" न्हाव्याने विचारले.

"तळं बघायला."

वस्तरा हवेत थांबला. "तळं? आत्ता?"

मला वाटले, उशीर झाला असे म्हणतो आहे. "संध्याकाळीच बघायचं असतं ते," मी म्हणालो. "पाणी सोनेरी होतं."

"हां," तो म्हणाला, आणि वस्तरा पुन्हा गालावर टेकवला.

तेवढ्यात हिचा फोन वाजला. फोनवर बोलताना मेहुण्यांना समोरचा बहिरा वाटतो, त्यामुळे संबंध दुकानाने ऐकले. "काय गं! पोचलात का तळ्याला?"

"जवळच आहोत," ही म्हणाली.

"भाऊजी काय करतायत?"

हिने माझ्याकडे पाहिले. मी मानेला टॉवेल गुंडाळून आडवा झालो होतो. "वाट बघतायत," ही म्हणाली. हे तसे खोटे नव्हते.

खुर्चीतून उठलो आणि पहिले पाऊल टाकले, तो डावा पाय पुढे गेला आणि बुटाचा तळ मागे राहिला. पूर्ण तळ. कित्येक वर्षे खोक्यात जपलेल्या त्या बुटांचा डिंक वाळून भुगा झाला होता. मी घाबरून उजवा पाय टाकला. तोही तळ सुटला. न्हावी म्हणाला, "आजोबा, हे बूट नुसते बघायचे होते वाटतं." त्याने आतून सुतळी आणली आणि माझे दोन्ही बूट, एखाद्या पार्सलसारखे, आडवे-उभे बांधून दिले. मग दारात येऊन हाताने दाखवले, "सरळ. नुसतं सरळ जायचं. कुठंही वळायचं नाही."

नुसते सरळ गेलो आणि घाटाचा दरवाजा आला. एवढ्या सोप्या वाक्यासाठी मी केवढे पुस्तक पाठ केले होते.

दरवाजाशी एक लहान कचेरी होती. शेजारी शेजारी दोन खिडक्या. पहिल्या खिडकीत एक कारकून बसला होता.

"घाटावर जायचंय," मी म्हणालो.

"आत्ता?" तो म्हणाला. मी घड्याळ बघितले. सूर्यास्ताला अवकाश होता. लोकांना आमच्या वेळेची एवढी काळजी का, ते मला कळेना. "पास लागेल," तो म्हणाला. "वय?"

मी वय सांगितले.

"मग तुम्हाला मोफत आहे. मोफतची खिडकी शेजारची."

मी शेजारच्या खिडकीशी गेलो. कारकुनाने पहिली खिडकी बंद केली, उठला, खुर्ची ओढत दुसऱ्या खिडकीशी आला, ती उघडली आणि माझ्याकडे पहिल्यांदाच पाहावे तसे पाहिले. "बोला."

"घाटावर जायचंय."

"ओळखपत्र." मी माझे दिले. "काकूंचं?"

हिचे ओळखपत्र ऑपरेशनच्या कागदांबरोबर हॉस्पिटलात दिले होते. ते मी सांगितले.

"मग त्यांना वयाची सवलत नाही. त्यांचा पास पूर्ण तिकिटाचा. तो पहिल्या खिडकीवर."

"बरं, तिकडे काढतो."

"पण नवरा-बायकोचा पास एकत्रच निघतो."

"मग माझाही पूर्ण तिकिटाचा करा."

"असं कसं? तुम्ही मोफतवाले. मोफतवाल्याला तिकीट लावलं तर तपासणीला मी काय सांगू?"

"मग काय करायचं?"

"तोच प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि प्रश्न आम्हा दोघांचा असल्यासारखा हनुवटीवर हात ठेवून बसला.

ही शांतपणे भिंतीला टेकून उभी होती. एक पाय जमिनीपासून किंचित उचललेला. मी काहीतरी ठणकावून बोलायला हवे होते. मेहुणे बोलले असते. मी अशा प्रसंगी नजर दुसरीकडे वळवतो, आणि ती नेमकी खिडकीशेजारच्या फलकावर गेली. फलक खडूने लिहिला होता. त्यात एका ओळीत दोन चुका होत्या. पुढे काय झाले ते माझ्या हाताला विचारा. फलकाखाली खडू ठेवला होता, आणि माझी नोकरी संपली हे त्या हाताला अजून कोणी सांगितलेले नाही.

"ओ! काय करताय?"

"एक वेलांटी फक्त..."

"फलकावर लिहिता? कचेरीच्या फलकावर?" कारकून अर्धा खिडकीबाहेर आला. "साहेबांना बोलावू? ज्येष्ठ आहात म्हणून काय भिंती रंगवाल?"

मी खडू मागे लपवला. या वयात शाळेतल्यासारखा खडू लपवत मी उभा होतो, आणि तळे पन्नास पावलांवर असूनही जन्मात दिसणार नाही अशी माझी खात्री झाली. तेव्हा ही लंगडत पुढे आली आणि हळू आवाजात कारकुनाला म्हणाली, "त्यांना तो आजार आहे."

"कसला?"

"लिहिलेलं दिसलं की होतं तसं. फार वर्षं झाली. आता काही उपाय नाही."

कारकुनाचा चेहरा एकदम बदलला. त्याने माझ्याकडे पाहिले: नुकतीच केलेली दुहेरी दाढी, सुतळीने बांधलेले बूट, पाठीमागे खडू. "अरेरे," तो म्हणाला. "आमच्या काकांचंही असंच झालं होतं शेवटी. जा काकू, न्या त्यांना. पास राहू दे. पण तिथं आत्ता..." इतक्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला, आणि त्याने हातानेच आम्हाला आत जायची खूण केली.

वेडा ठरून का होईना, आम्ही आत गेलो.

दरवाजातून पलीकडे गेलो आणि दोघेही थांबलो. समोर पायऱ्या होत्या. समोर टेकडी होती, आणि सूर्य बरोबर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिच्याआड निघाला होता. फक्त मध्ये तळे नव्हते.

तळ्याच्या जागी एक भला मोठा काळा खड्डा होता. त्यात ट्रॅक्टर फिरत होते. माणसे चिखल उपसून ट्रॉल्यांत भरत होती. शेजारी फलक होता: गाळ काढण्याचे काम चालू असल्याने तळे रिकामे करण्यात आले आहे. त्यात एकही चूक नव्हती.

आता मला सगळ्यांचे 'आत्ता?' कळले. गावाने मला परोपरीने सांगितले होते. मी ते वाचले नव्हते, कारण ते छापलेले नव्हते.

"अगं," मी म्हणालो. एवढी एक गोष्ट हिने मागितली, आणि मी हिला दुखऱ्या पायाने गल्लीगल्लीतून फिरवून, भावासमोर मान वर करायला लावून, एका खड्ड्यापाशी आणून उभे केले. मला वाटले, आता ही रडेल. रडली असती तर बरे झाले असते; तेव्हा काय करायचे हे मला कळत नाही, पण ते न कळणे निदान ओळखीचे आहे.

ही पायऱ्यांकडे बघत होती. पुस्तकातल्या मोजक्या पायऱ्या शेवाळाच्या रेषेपाशी संपत होत्या. त्याखाली, एरवी पाण्यात असणाऱ्या, आणखी कितीतरी पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. अगदी तळापर्यंत. आणि तळाशी, शेवटच्या पायरीला लागून, झऱ्याचे थोडे पाणी साठले होते.

"ते बघा पाणी," ही म्हणाली.

"ते डबकं आहे."

"तळ्यातलंच ना?"

"अगं, गुडघा! किती खाली आहे ते. परत जाऊ या."

"मी कशाला आलेय?" ही म्हणाली, आणि माझा दंड धरून उतरू लागली.

ते उतरणे मला लिहवत नाही. प्रत्येक पायरीवर ही दात आवळी, आणि मी 'बस' म्हणू की 'बसू नको' म्हणू या विचारात गप्प राही. शेवाळाच्या रेषेखाली दगड बुळबुळीत होते. तळाशी पोचता पोचता माझा डावा पाय गाळात गेला आणि एकटाच वर आला. सुतळी, तळ, बूट, तिन्ही आत राहिले. मी तिकडे पाहिलेही नाही. ही शेवटच्या पायरीवर बसली, चपला बाजूला ठेवल्या, आणि दोन्ही पाय त्या गढूळ पाण्यात सोडले. मी शेजारी बसलो. दूर एक ट्रॅक्टर गुरगुरत होता. पाणी सोनेरी वगैरे काही झाले नाही. ते चहाच्या रंगाचे होते आणि तसेच राहिले.

फोन वाजला. "काय गं! दिसलं का तळं?"

"दिसलं, दादा."

"कसं आहे?"

हिने वर, पायऱ्यांच्या टोकाला दिसणाऱ्या दरवाजाकडे पाहिले. "खोल आहे," ही म्हणाली.

त्यानंतर हिला उठता येईना. गुडघा तसाच्या तसा अडकून बसला. मी ओढून पाहिले, मीच घसरलो. मी म्हणालो, दादांना फोन करू, गाडी घेऊन येतील. ही म्हणाली, "फोन केलात तर मी इथंच राहीन." शेवटी माझी केविलवाणी हालचाल पाहून गाळ काढणारी दोन माणसे आली. त्यांनी त्यांच्या मुकादमाची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, हिला खुर्चीसकट उचलले आणि गाळाने भरलेल्या ट्रॉलीवर ठेवले. ट्रॅक्टरवाला ओरडला, "काकू, धरून बसा! आजोबा, तुम्ही खुर्ची धरा, तुम्हाला कोणी धरणार नाही!"

अशी आमची पायी सैर परतली. उताराच्या वाटेने ट्रॉली वर आली आणि मोठ्या रस्त्याने गाव ओलांडून निघाली. वर खुर्चीत ही, ताठ बसलेली; मागे गाळात घोट्यापर्यंत रुतलेला मी, एका पायात बूट. कारकून खिडकीतून बघत राहिला आणि त्याने कपाळाला हात लावला. केशकर्तनालयाच्या गल्लीच्या तोंडाशी न्हावी उभा होता. तो ओरडला, "आजोबा, दाढी पुन्हा करावी लागणार बघा!" मी गालाला हात लावला. गाळ होता.

बसमध्ये ही खिडकीला डोके टेकून डोळे मिटून बसली. घरापर्यंत एक शब्द नाही. मी त्या शांततेचे सगळे अर्थ लावून पाहिले. एकही माझ्या बाजूचा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडासारखा सुजला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारले, "कुठं नेलं होतंत?" मी म्हणालो, "तळ्यावर." ते म्हणाले, "ह्या वयात निदान तुम्हाला तरी समजायला हवं होतं." ऑपरेशन सूज उतरेपर्यंत पुढे गेले. मेहुण्यांना सगळे कळले नव्हते, पण सूज कळली, आणि तेवढी त्यांना पुरली. ते रोज येऊन सोफ्यावर बसत आणि 'मी गाडी काढतो म्हणालो होतो' हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत. वॉकवाल्यांना मी उरलेला एक बूट धुऊन, पातळ कागदात गुंडाळून, त्याच खोक्यात परत केला. त्यांनी खोके बराच वेळ बंद केले नाही. हल्ली ते मला जिन्यात भेटतात तेव्हा माझ्या पायांकडे बघतात.

हिने त्या दुपारबद्दल काहीच विचारले नाही, काहीच सांगितले नाही. मीही विचारले नाही. पुस्तक मी कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी टाकून दिले.

ऑपरेशन झाले. संध्याकाळी हिला खोलीत आणले तेव्हा ही गुंगीत होती. मेहुणे पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. नर्स सलाईन बघत होती. मेहुणे वाकून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय गं! ओळखलंस का? मी कोण?"

हिने डोळे उघडले नाहीत. ओठ हलले. "गावाच्या पश्चिमेस पायऱ्यांचा घाट आहे, पूर्णविराम."

मेहुणे दचकले. "काय म्हणाली?"

"मोजक्या पायऱ्या उतरताच पाय पाण्याला लागतात, पूर्णविराम."

"सिस्टर! ही काय बडबडतेय बघा! पूर्णविराम काय म्हणतेय? डॉक्टरांना बोलवा!"

"गुंगीत बोलतात असं," नर्स म्हणाली. "उतरेल."

मी उठलो होतो तो पुन्हा खाली बसलो. इतक्या वर्षांची सवय. नजर आपोआप समोरच्या पांढऱ्या चादरीवर गेली आणि ओळ शोधू लागली. आता सोनेरी पाण्याचे वाक्य येणार. ते आले की मला तिथून उठून जावे लागणार होते, हे मला माहीत होते.

"पाणी कमी असल्यास," ही म्हणाली, आणि थांबली. "स्वल्पविराम. आणखी खाली उतरावे, पूर्णविराम. तळ्याच्या तळाशी बसता येते, पूर्णविराम. सोबत माणूस असावा, पूर्णविराम. पाणी थंड असते, पूर्णविराम."

मग ही झोपली.

"भाऊजी," मेहुणे पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "हे काय होतं?"

मला त्या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या पाठ आहेत. ही वाक्ये त्यांतल्या एकाही आवृत्तीत नव्हती. मी ती मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली, मग सवयीने शेवटापासूनही वाचली, आणि चूक शोधली. सापडली नाही. 'थंड'च्या जागी 'गार' जास्त बरे वाटले असते, असे एकदा मनात आले; पण मी तिच्या चादरीची घडी सारखी केली आणि गप्प बसलो.